देवी अहिल्याबाईंचा एक दिवस

॥ श्रीगुरवे नमः ॥



दिवस कसे जातात कळत नाही, हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात आठवड्यातून चार वेळा तरी म्हटलं जातं. मुलं शाळेत जात होती, बघता बघता त्यांची लग्नं झाली. निवृत्तीला अजून वेळ आहे म्हणता म्हणता पेन्शनचे कागद आले. खरं सांगायचं तर वेळ जातो तो दोन ठिकाणी. अर्धा मागचं उगाळण्यात आणि अर्धा पुढची चिंता करण्यात. आजच्या दिवसाच्या वाट्याला फारसं काही उरतच नाही.

या वेळी ज्यांचं चरित्र सांगायचं आहे, त्यांच्याकडे उगाळायला इतकं होतं की दुसरं कोणी असतं तर तिथेच बसलं असतं. त्या बसल्या नाहीत. त्या म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर. इंदूरच्या मंडळींना त्यांच्याबद्दल मी काय सांगणार, त्यांच्या घराघरात बाईंची तसबीर आहे. पण गोवा, बेळगाव, हैदराबाद इकडच्या आपल्या कुटुंबांत बाईंचं नाव देवळं आणि घाट यांच्यापुरतंच माहीत असतं असं दिसतं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडी गावचा. हे गाव आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे, गावचे पाटील. मल्हारराव होळकर पुण्याकडे जाताना चौंडीला मुक्कामाला थांबले, देवळात आलेल्या या चुणचुणीत मुलीवर त्यांची नजर गेली आणि तिला सून करायचं त्यांनी ठरवलं, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. १७३३ साली खंडेरावांशी लग्न झालं. नवरी आठ वर्षांची. सासूबाई गौतमाबाई कडक होत्या आणि मायाळूही. मल्हाररावांनी सुनेला लिहिणं-वाचणं, हिशेब, वसुली, पत्रव्यवहार या सगळ्यात घातलं. पुढे १७४५ ला मालेराव झाले, १७४८ ला मुक्ताबाई.

१७५४ च्या मार्च महिन्यात भरतपूरजवळच्या कुंभेरी किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. बाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या, पदरी दोन लहान मुलं. त्या काळच्या चालीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. ही चाल वाईटच होती, तिच्यात गौरव करावा असं काही नाही. कायद्याने ती बंद व्हायला १८२९ साल उजाडावं लागलं, तेही आधी फक्त इंग्रजी मुलखात. मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली. एकुलता एक मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, हा सगळा पसारा तुझ्याशिवाय कोण पाहणार, असं त्यांचं म्हणणं. बाई थांबल्या.

इथे एक गोष्ट मला नेहमी जाणवते. मल्हाररावांनी त्यांना नुसता धीर दिला नाही. सगळं ठीक होईल, काळ हे औषध आहे, असलं काही सांगून ते मोकळे झाले नाहीत. त्यांनी काम दिलं. उद्या सकाळी उठून करावं लागेल असं काम. आपल्याकडे कोणी गेलं की घरातल्या बाईला तेरा दिवस कोपऱ्यात बसवतात आणि नंतरही तिच्या हातात काही देत नाहीत. वर म्हणतात, हिने सावरायला हवं. कशाला धरून सावरायचं?

पुढच्या बारा वर्षांत सासरे मोहिमांवर आणि राज्याचं घरचं काम सुनेकडे, अशी वाटणी झाली. ग्वाल्हेरच्या मंडळींनी पुढची गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. १७६५ मधल्या मल्हाररावांच्या पत्रांत सुनेला हुकूम आहेत की ग्वाल्हेरीस जावं, तिथे काही दिवस मुक्काम करून तोफखान्याची आणि दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेत चौक्या बसवाव्यात. म्हणजे देवपूजा करणारी सात्त्विक बाई एवढंच चित्र आपण मनात धरतो, ते अपुरं आहे. तोफा कशा ओततात आणि बैलांना चारा किती लागतो, हे त्या जाणत होत्या.

२० मे १७६६ ला मल्हारराव आलमपूरला वारले. गादी नातवाला, मालेरावांना मिळाली. त्यांचं चित्त मुळातच ठिकाणावर नसे. पुढे ते पार भ्रमिष्ट झाले. आई रात्रंदिवस त्यांच्या बिछान्याशी बसून असे. १७६७ मध्येच, गादीवर बसून वर्षही पुरं झालं नव्हतं तोच, तेही गेले. नवरा, सासरा, मुलगा. वय एक्केचाळीस.

आणि त्याच वेळी दारात संकट उभं. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचं मत असं की एक लहान मूल दत्तक घ्यावं, म्हणजे कारभार आपल्या हातात राहील. त्यांनी राघोबादादांना बोलावणं पाठवलं आणि दादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले. बाईंनी रडत बसायला वेळ घेतला नाही. फौजेची तयारी केली, शेजारच्या सरदारांना पत्रं लिहिली, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. दादांनाही निरोप गेला, त्याचा मतलब असा की बाईशी लढून जिंकलात तर नाव होणार नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माधवरावांनी बाईंच्या बाजूने कौल दिला. दादांची स्वारी शेवटी दुखवट्याची भेट होऊन संपली. ही हकीकत सगळ्यांना आवडते, म्हणून फार वाढवत नाही.

त्यानंतर १७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षं, बाईंनी राज्य केलं. फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे दिलं. ते वयाने मोठे असूनही बाईंना मातोश्री म्हणत. पुढे पैशांवरून दोघांत बऱ्याच कुरबुरी झाल्या, पण फूट पडली नाही. राजधानी बाईंनी नर्मदेकाठी महेश्वरला नेली.

आता मुख्य विषयाकडे येते. एवढं सगळं सोसून ही बाई रोजचा दिवस कसा काढत असे?

याची माहिती आपल्याला नशिबाने मिळते. बाई गेल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी जॉन मालकम नावाचा इंग्रज अधिकारी माळव्यात होता. ज्यांनी बाईंच्या हाताखाली कामं केली होती अशी माणसं तेव्हा हयात होती. त्यांना विचारून विचारून त्याने सगळं टिपून ठेवलं आणि १८२३ च्या आपल्या ग्रंथात छापलं. परका माणूस, शिवाय ज्यांचं राज्य नुकतंच हरवलं त्यांच्याच राणीबद्दल लिहितोय, त्यामुळे उगाच स्तुती करायचं त्याला कारण नव्हतं.

बाई सूर्योदयाच्या तासभर आधी उठत. स्नान, पूजा. मग ठरलेला वेळ पुराणश्रवण. नंतर दानधर्म, आणि ब्राह्मणभोजन स्वतःच्या देखरेखीखाली. त्यानंतर स्वतःचं जेवण, साधं, शाकाहारी. होळकरांच्या घरात मांसाहार निषिद्ध नव्हता, तरी बाईंनी तो सोडला होता. जेवणानंतर पुन्हा थोडी प्रार्थना आणि थोडी विश्रांती. मग पांढरी वस्त्रं नेसून दुपारी दोनच्या सुमारास दरबारात यायच्या, ते संध्याकाळी सहापर्यंत. दरबार उघडा असे, पडदा नाही. फिर्याद घेऊन आलेल्याचं म्हणणं स्वतः ऐकायच्या, मग पंचांकडे किंवा कामदारांकडे द्यायच्या. संध्याकाळी दोन-तीन तास पूजा आणि थोडा फलाहार. रात्री नऊला पुन्हा कामाला बसायच्या ते अकरापर्यंत. मग झोप. व्रतवैकल्यं, सण आणि राज्यावरचं संकट सोडलं तर या क्रमात बदल नाही.

एका दिवसात साठ घटका, एका घटकेत साठ पळं, हे आपल्या आजी-पणजीला तोंडपाठ असायचं. आपल्याला आता मोबाईलवर सेकंद दिसतात, आणि तरी सकाळचे दोन तास कुठे गेले ते सांगता येत नाही. (हे मी माझ्याबद्दलच बोलते आहे. कोणी मनाला लावून घेऊ नये.)

या दिनक्रमात मला महत्त्वाची वाटते ती एक बारीक गोष्ट. पूजेच्या वेळी राज्य नाही आणि राज्याच्या वेळी पूजा नाही. दरबारात बसलं की समोर आलेला कुणबी, त्याची गेलेली बैलजोडी, त्याच्या बांधाचं भांडण, एवढंच. पूर्ण लक्ष. आपल्या हातून सत्तेचा जो काही वापर होतो त्याच्या प्रत्येक क्षणाचा जाब वर द्यायचा आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती, त्यामुळे समोरच्या माणसाला घाईने वाटेला लावणं त्यांना जमतच नसे.

खरगोणच्या दोन सावकार भावांची गोष्ट आहे. दोघंही मूलबाळ न होता गेले. अशी इस्टेट सरकारात जमा करायची सर्रास चाल होती, आणि विधवांनी ती बाईंना देऊ केली. बाईंनी घेतली नाही. तुमच्याच हाताने चांगल्या कामाला लावा असं सुचवलं. बाईंची स्वतःची खासगीची संपत्ती होती तिच्यावर तर त्यांनी सुरुवातीलाच संकल्प सोडून ती धर्मकार्याला वाहून टाकली होती. काशी विश्वेश्वराचं देऊळ १७८० चं, सोमनाथचं १७८३ चं, गयेचं विष्णुपद १७८७ चं. वेरूळचं घृष्णेश्वर. याशिवाय घाट, विहिरी, धर्मशाळा किती. दक्षिणेतल्या देवळांना गंगेचं पाणी नियमाने जायचं.

पण मोठी देवळं बाजूला ठेवा. महेश्वरच्या आसपास शेतात नांगर धरलेला माणूस उन्हात मध्येच थांबवला जायचा, बाईंची माणसं त्याच्या बैलांना पाणी पाजायची आणि निघून जायची. पिकावर बसलेली पाखरं शेतकरी हाकलतात, म्हणून बाईंनी काही शेतं विकत घेऊन पाखरांसाठीच सोडून दिली होती. देऊळ शेकडो वर्षं उभं राहतं. बैलाची तहान दुपारपुरती असते, ती दुपारीच भागवावी लागते. दोन्हींचा हिशेब एकाच बाईच्या डोक्यात होता.

आणि नाव राहावं ही ओढ? एका विद्वानाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. बाईंनी तो शांतपणे पूर्ण ऐकून घेतला. मी एवढ्या योग्यतेची नाही असं म्हणाल्या, ग्रंथ नर्मदेत सोडायला सांगितला आणि पुढच्या कामाला लागल्या. त्या बिचाऱ्या लेखकाचं मला जरा वाईट वाटतं. निदान बिदागी तरी मिळाली असेल का?

आता जो भाग लिहायला जड जातो तो.

मुक्ताबाईंचं लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झालं होतं. त्यांना एक मुलगा, नथ्याबा. बाईंचा सगळा जीव त्या नातवात. १७९० च्या सुमारास तो तरुणपणीच गेला. पुढे सुमारे वर्षभराने, १७९१ मध्ये, जावई यशवंतराव गेले. आणि मुक्ताबाईंनी सती जायचं ठरवलं.

बाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. राज्याच्या स्वामिनी. त्यांनी मुलीच्या पाया पडून विनवलं. म्हातारपणी मला एकटं टाकून जाऊ नकोस म्हणाल्या. मुक्ताबाई प्रेमाने बोलल्या, पण हलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं होतं की आई, तू आता थकलीस, थोड्या वर्षांत तूही जाशील, मुलगा नाही, नवरा नाही, मग मी कोणासाठी राहू, आणि तेव्हा मानाने जाण्याची वेळही निघून गेलेली असेल.

सदतीस वर्षांपूर्वी अहिल्याबाई नेमक्या याच जागी उभ्या होत्या. त्यांना परत फिरवणारा सासरा होता, हाताला दोन मुलं होती, उद्याचं काम होतं. मुक्ताबाईंच्या डोळ्यांपुढे फक्त न आलेली, रिकामी वर्षं होती. ती वर्षं अजून आलेलीच नव्हती, तरी त्यांच्या भयाने आजचा दिवस गिळला. आईने स्वतःच्या आयुष्यातून जे शिकून दाखवलं होतं ते मुलीला देता आलं नाही. एवढ्या थोर बाईलाही नाही. आपण आपल्या मुलांना चार उपदेश करून ती ऐकत नाहीत म्हणून चिडतो, तेव्हा मला ही जागा आठवते.

मुलगी ऐकत नाही असं दिसल्यावर बाई तिच्याबरोबर नदीकाठी गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरले होते. पहिली ज्वाळा उठेपर्यंत त्या कशाबशा उभ्या होत्या. मग धीर सुटला. भोवतालच्या गर्दीचा जयघोष चालू आणि त्यात आईच्या किंकाळ्या. धरलेले हात सुटेनात तेव्हा त्या दुःखाने स्वतःचेच हात चावू लागल्या, हे पाहिलेल्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. सगळं संपल्यावर त्यांनी नर्मदेत स्नान केलं आणि वाड्यात गेल्या.

तीन दिवस त्यांनी जवळजवळ काही खाल्लं नाही. एक शब्द बोलल्या नाहीत.

हे तीन दिवस मला फार मोलाचे वाटतात. वर्तमानात जगा असं आपण सहज म्हणतो, तेव्हा त्यात दुःख झटकून टाका असा अर्थ चिकटतो. मैत्रिणीचा नवरा जाऊन पंधरा दिवस झाले की तिला फोन करून पॉझिटिव्ह राहा असं सांगणारे आपल्यातही आहेत. ज्या बाईने आयुष्यभर घटकाघटकेचा नेम पाळला त्यांनी या तीन दिवसांत नेम बाजूला ठेवला. त्या दिवसांचं काम दुःख हेच होतं. ते त्यांनी पुरतं केलं. कोणाला दाखवायला नाही आणि कोणापासून लपवायलाही नाही.

त्यानंतर त्या उठल्या. गेलेल्यांच्या आठवणीसाठी सुंदर छत्री बांधायचं काम काढलं आणि त्यात थोडं मन लागलं. दरबार पुन्हा सुरू झाला. फिर्यादी येत होते, माहेश्वरी लुगड्यांचे माग चालू होते, भिल्लांच्या वाटांवरचे तंटे होतेच. पुढे सुमारे पावणेचार वर्षं हे चाललं. सत्तरी आली, शरीर थकलं, उपास काही सुटले नाहीत. १३ ऑगस्ट १७९५ ला, श्रावण वद्य चतुर्दशीला, महेश्वरी बाई गेल्या. उत्तरेकडच्या पंचांगात तीच तिथी भाद्रपद वद्य चतुर्दशी म्हणून लिहितात, म्हणून इंदूरचा उत्सव कुठल्या महिन्यात यावरून आपल्या ग्रुपवर दरवर्षी गोंधळ होतो. तिथी एकच आहे.

काही वर्षांमागे आम्ही घरची सात माणसं महेश्वरला गेलो होतो. वाड्यात आजही लिंगार्चन होतं. नर्मदेची माती आणून तिची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगं करायची, ओळीने पाटावर मांडायची, पूजा करायची आणि मग ती सगळी नर्मदेत सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी माती. बाईंच्या वेळेपासून हे चालत आलं आहे. तेव्हा पुष्कळ ब्राह्मण बसत, आता मोजकेच असतात, पण खंड नाही. माझ्या नातवाने विचारलं, एवढं छान केलेलं पाण्यात का टाकतात, उद्यासाठी ठेवत का नाहीत? गुरुजी हसले आणि त्याच्या हातावर मातीचा एक गोळा ठेवला. त्याने वाकडंतिकडं एक लिंग केलं, ते पाटावर बाकीच्यांत ठेवलं, आणि नंतर घाटाच्या पायऱ्या उतरून स्वतः सोडून आला.

इंदूरहून महेश्वर नव्वदेक किलोमीटर आहे. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, लिंगार्चन सकाळीच असतं. उन्हाळ्यात दगडी घाट फार तापतो, वयस्कर मंडळींना पायमोजे घालायला सांगा.